जिप्सीचे पुढचे ॲक्सल शाफ्ट बदलताना

जिप्सीचा पुढचा शाफ्ट बाहेर काढणं तसं सोपं आहे. डिफरन्शियलच्या (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) आत त्याला धरून ठेवणारं लॉक नसतं. समोरचं सामान उतरवलं की तो हाताने ओढून येतो. कस लागतो तो सील, शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) आणि बेरिंग यांच्यात. नवा शाफ्ट टाकल्यावर महिनाभरात त्याच चाकाच्या आतून तेल गळायला लागलं, तर दोष शाफ्टचा नसतो. तो बसवताना सीलचा ओठ फाटलेला असतो, किंवा आतलं सील बदलायचंच राहिलेलं असतं. म्हणून या कामाचा हिशेब शाफ्टपासून नाही, सीलपासून सुरू करा.

आधी गाडी कोणती ते बघा

डिसेंबर १९८५ मध्ये आलेली पहिली जिप्सी, म्हणजे ९७० सीसीची एमजी ४१०, अरुंद होती. १९९३ मध्ये दोन्ही ॲक्सलची रुंदी ९० मिलिमीटरने वाढवून 'वाइड ट्रॅक' आली. पुढची १,३०० सीसीची किंग आणि नंतरची एमपीएफआय (इंधन इंजेक्शनवाली) याच रुंद ॲक्सलवर आहेत. अर्थात १९९३ च्या आधीच्या अरुंद गाडीचे शाफ्ट रुंद गाडीला लागत नाहीत, आणि उलटही नाही. आर.सी. बुकातलं साल बघून माल मागवू नका. इतक्या वर्षांत अनेक गाड्यांचे ॲक्सल बदलले गेले आहेत, लष्कराच्या लिलावातल्या गाड्यांचे तर हमखास. टेप घेऊन एका टायरच्या मध्यापासून दुसऱ्या टायरच्या मध्यापर्यंत मोजा. पुढे साधारण १,२१० मिलिमीटर भरलं तर अरुंद, १,३०० भरलं तर रुंद. रिम बाहेरचे लावले असतील तर हे माप फसवतं, तेव्हा जुना शाफ्ट हातात आल्याशिवाय नवा घेऊ नका.

पुढचा डिफरन्शियल मधोमध नसून उजवीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला आहे. त्यामुळे उजवा शाफ्ट आखूड आणि क्लीनर साइडचा लांब. दुकानात 'पुढचा शाफ्ट द्या' एवढंच सांगितलं तर हमखास नको तो मिळतो.

शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला बर्फील्ड जॉइंट असतो: एक वाटी, आत चांदणीच्या आकाराचा तुकडा, मध्ये जाळी आणि सहा छर्रे. चाक वळलेलं असतानाही ताकद सारख्या वेगाने पोचवायचं काम हे सहा छर्रे करतात. हा जॉइंट एका पोकळ लोखंडी गोळ्यात बसतो आणि त्या गोळ्यावर, वर-खाली दोन किंगपिनांवर (खुंट्यांवर), चाकाचा 'नकल' फिरतो.

खरंच शाफ्टच गेला आहे का?

हब लॉक करून (म्हणजे चाक शाफ्टला जोडून), फोर-व्हीलमध्ये, मातीवर पूर्ण स्टिअरिंग कापून हळू चालवलं की कट-कट-कट असा आवाज येतो आणि हब फ्री केले की तो थांबतो. हे बर्फील्डचं लक्षण. डांबरी रस्त्यावर ही परीक्षा घेऊ नका. तिथे पुढच्या-मागच्या चाकांचा फरक कुठेच सुटत नाही आणि चांगला जॉइंटही कुरकुरतो. हब फ्री असतानाही वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं येत असेल तर चाकाचं बेरिंग. निघताना एकच 'टक्' येत असेल तर आधी प्रोपेलर शाफ्टचे (डिफरन्शियलला ताकद आणणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस तपासा. ५०-६० च्या वेगाला खड्ड्यावरून गेल्यावर स्टिअरिंग थडथडत असेल आणि थांबत नसेल, तर किंगपिन बेरिंग. त्या वेळी नवा शाफ्ट टाकून काही होणार नाही.

शाफ्ट पूर्ण तुटला आहे की नाही, हे सामान न उघडता कळतं. पुढची दोन्ही चाकं उचला, दोन्ही हब लॉक करा, ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांना ताकद जोडणारी-तोडणारी पेटी) टू-व्हीलमध्ये ठेवा. एकाने उजवं चाक घट्ट धरायचं, दुसऱ्याने डावं फिरवायचं. प्रोपेलर शाफ्ट फिरायला हवा. फिरला नाही तर दोहोंपैकी एखादा शाफ्ट तुटला, किंवा एखादा हब लॉक होत नाही. हब लॉक होत नसणं हे तुटलेल्या शाफ्टइतकंच सर्रास सापडतं, म्हणून आधी हबचं झाकण उघडून आतला दात सरकतो का ते पाहा. डॅशबोर्डवरच्या बटणाने हवेवर चालणारे हब असतील तर हवेची नळी आणि तिचं सीलही तपासा. पुष्कळ मालक ती भानगड काढून हाताने फिरवायचे हब लावून घेतात.

आता टॉर्च घेऊन गोळा बघा. गोळ्यावर ग्रीसचा पातळ थर दिसणं ठीकच. घट्ट ग्रीसचे ओघळ दिसले तर बाहेरचं, गोळा पुसत राहणारं सील गेलं. पातळ, काळं, गंधकासारख्या वासाचं तेल ठिबकत असेल तर आतलं ॲक्सल सील गेलं आहे आणि डिफरन्शियलचं तेल जॉइंटच्या ग्रीसला पातळ करतं आहे. हे दोन्ही एकत्र असलं तर नकलात ग्रीस उरलेलंच नसतं. तिथे ताक असतं. बहुतेक जॉइंट मरतात ते या ताकात, जोर लावल्यामुळे नव्हे.

किती खोलात जायचं

दोन वाटा आहेत. जॉइंट खडावर तुटला, पण सील आणि बेरिंग चांगली आहेत, तर हब आणि स्पिंडल (हब ज्यावर फिरतो तो पोकळ दांडा) उतरवून शाफ्ट ओढून काढायचा, नवा घालायचा. नकल जागेवरच राहतो. रानात अडकल्यावर हीच वाट.

पण गाडी जुनी असेल आणि नकल शेवटचा कधी उघडला हे कुणालाच माहीत नसेल, तर किंगपिन काढून नकल पूर्ण उतरवा. गोळा पुसणारं सील बदलायला नकल उतरावाच लागतो. एवढं उघडून फक्त शाफ्ट बदलणं म्हणजे तेच काम दोनदा करणं. पुढचं सगळं या दुसऱ्या वाटेने लिहिलं आहे.

सामान, एका बाजूसाठी: शाफ्ट (जॉइंटसह), आतलं ॲक्सल सील, नकल सीलचा संच (रबर, नमदा आणि त्यांची पट्टी), किंगपिनची दोन बेरिंग, हबचं मागचं सील, चाकाच्या बेरिंगच्या नटांमधला कानवाला वॉशर, शाफ्टच्या टोकाचं सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) आणि टायरॉडची (चाकं वळवणाऱ्या स्टिअरिंगच्या दांड्याची) कॉटर पिन. दोन्ही बाजूंना मिळून मॉलिब्डेनम असलेलं ग्रीस एक किलो, चाकाच्या बेरिंगसाठी लिथियम ग्रीस अर्धा किलो, आणि ८०डब्ल्यू-९० जीएल-५ गिअर तेल. पुढच्या डिफरन्शियलमध्ये सुमारे दोन लिटर बसतं. रॉकेल किंवा डिझेल, भरपूर चिंध्या, एक जुनी थाळी. हत्यारांत नेहमीच्या गोटी-पान्यांबरोबर चाकाच्या बेरिंगच्या नटाची मोठी गोटी हवीच. छन्नीने ठोकून ठोकून गोल झालेले नट जुन्या जिप्सीत जागोजाग दिसतात आणि असा नट पुन्हा नीट घट्ट होत नाही. टॉर्क पाना आणि मासळी तोलायचा स्प्रिंगचा काटा, या दोन गोष्टी उसन्या आणा पण आणाच.

उतरवणं

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू तशीच राहिली की कुठला वॉशर कुठे होता ते तिथे बघता येतं, आणि दोन्ही बाजूंचे शिम एकमेकांत मिसळत नाहीत.

गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा ठोकळे, मग पुढचा ॲक्सल उचलून स्प्रिंगच्या पाट्यांच्या आतल्या बाजूला ॲक्सलच्या नळीखाली घोडे (स्टँड). नुसत्या जॅकवर हे काम करू नका. स्पिंडल सोडवताना गाडीला चांगले हिसके बसतात.

तेल काढायच्या आधी वरचा, तेल भरायचा प्लग सैल करून बघा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही आधी खालचं तेल सोडून दिलं, तर गाडी उभीच राहील. वरचा सुटला की मग खालचा सोडा. तेल दुधाळ निघालं तर पाणी शिरलं आहे आणि त्याचं कारण बहुधा ब्रीदरमध्ये आहे. ॲक्सलच्या नळीवरचा हा छोटा ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायचं तोंड, चिखलाने बुजतो. तापलेला डिफरन्शियल ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर बंद असल्यामुळे पाणी सीलच्या ओठांतून ओढलं जातं. ब्रीदर साफ न करता सील बदललं तर पहिल्या पावसाळ्यातच पुन्हा तेच.

चाक काढा. हबचं झाकण, मग शाफ्टच्या टोकाचं सर्क्लिप आणि त्यामागचे वॉशर क्रमाने तारेत ओवून ठेवा. मग हबचे सहा बोल्ट. ते जाम असतील तर रात्री गंज-तेल मारून ठेवा. तुटलेला बोल्ट हबमधून काढण्यात अर्धा दिवस जातो.

ब्रेक कॅलिपर दोन बोल्टांवर आहे. तो काढून तारेने पाट्याला टांगा, ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. जुन्या गाडीत पुढे ड्रम असतील तर ब्रेकची मागची प्लेट स्पिंडलबरोबर सुटते. नळी न उघडता ती बाजूला बांधता आली तर पुढचं ब्रेक ब्लीडिंग (नळीतली हवा काढणं) वाचतं.

चाकाच्या बेरिंगचे दोन नट आणि त्यांच्यात कान वाकवलेला वॉशर. कान सरळ करा, बाहेरचा नट, वॉशर, आतला नट. हब ओढताना अंगठे पुढे धरा, बाहेरचं बेरिंग पहिल्याच झटक्यात जमिनीवर उडी मारतं आणि वाळूत लोळलेलं बेरिंग पुन्हा वापरण्याजोगं करायला फार धुवावं लागतं.

मग स्पिंडल. त्याची वरची बाजू कुठली ते पेंटने खूण करा, सगळे बोल्ट काढा. तो सहसा चिकटलेला असतो. लाकडी हातोड्याने कडेने गोल फिरत ठोका. आट्यांवर लोखंडी हातोडा नको. स्पिंडल निघाला की शाफ्ट दोन्ही हातांनी सरळ, आडवा धरून बाहेर ओढा. जॉइंट तुटलेला असेल तर छर्रे मोजा, सहा भरले पाहिजेत. एखादा सापडला नाही तर तो गोळ्यात किंवा नळीत आहे. चुंबक फिरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

लांब शाफ्ट आतल्या दातांजवळ तुटला तर तुकडा डिफरन्शियलमध्ये राहतो. पलीकडच्या चाकाच्या बाजूने सळई घालून तो ढकलून काढू म्हणाल तर जमत नाही, मध्ये डिफरन्शियलची आडवी पिन आहे. लांब दांड्याचं चुंबक लावून बघा. नाही निघाला तर दोन्ही शाफ्ट काढून पुढून अख्खं डिफरन्शियल उतरवावं लागतं.

आता टायरॉडची कॉटर पिन काढा, नट थोडा सैल करा, नकलाच्या कानावर हातोड्याचा एक सणसणीत घाव घाला आणि टायरॉड सोडवा. टायरॉडच्या आट्यांवर मारू नका. गोळ्यामागच्या सीलच्या पट्टीचे बोल्ट काढून सील मागे सरकवा. मग किंगपिन: वर चार बोल्ट, खाली चार. प्रत्येक किंगपिनखाली पातळ शिम असतात. वरचे शिम वरच्या पिनबरोबर, खालचे खालच्या पिनबरोबर, वेगवेगळ्या पिशव्यांत घालून 'डावा वर', 'डावा खाली' असं लिहून ठेवा. या पिशव्या हरवल्या तर उरलेलं काम अंदाजाने होतं. नकल हळूच बाहेर ओढा. खालचं किंगपिन बेरिंग अनेकदा याच वेळी गळून पडतं, हात खाली ठेवा.

उघडल्यावर काय बघायचं

सगळं रॉकेलमध्ये धुऊन उन्हात पुसून ठेवा. जुना शाफ्ट डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून दातांवरून नजर फिरवा. दात सरळ रेषेत नसून जिन्यासारखे किंचित वळलेले दिसले तर शाफ्ट पिळला गेला आहे. तो आज तुटला नसला तरी टाकून द्या. जॉइंटच्या वाटीत छर्रे जिथे धावतात त्या चरांवर नखाचं टोक फिरवा. नख अडलं की चर गेला. वाटीच्या काठावर केसासारखी भेग शोधा. पूर्ण वळलेल्या चाकावर जोर आला की छर्रे काठाशी येतात आणि काठ फुटतो, हा जॉइंट नेमका तिथेच तुटतो. निळसर झाक दिसली तर तो ग्रीसविना तापलेला आहे.

स्पिंडलच्या आत पितळी बुश आहे. शाफ्टचं टोक त्यात घालून हलवा. खडखड वाजलं तर बुश बदला, नाहीतर नवा शाफ्ट डगमगत फिरेल आणि हबचं सील खाईल. हे बुश बघायचं बहुतेक जण विसरतात.

कोकणातल्या, खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या गोळ्यावर गंजाचे खड्डे असतात. वरवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने, गोळ्याच्या वळणाबरोबर घासून काढा. खोल खड्डे नव्या सीलचा ओठ कापत राहतात. ते भरून घासून घेतल्याशिवाय नवं सील टिकणार नाही.

नवा आणि जुना शाफ्ट शेजारी ठेवून लांबी, दोन्ही टोकांचे दात आणि सील जिथे बसतं त्या भागाचा व्यास व्हर्नियरने जुळवा. दात मोजताना एका दातावर खडूची खूण करा, नाहीतर दोन वेळा दोन आकडे येतात. नव्या शाफ्टला गंजू नये म्हणून फासलेला थर धुऊन काढा. आणि मधल्या दांड्यावर टोकापासून टोकापर्यंत पांढऱ्या पेंटची एक सरळ रेघ मारून ठेवा. पुढच्या वेळी शाफ्ट उघडाल तेव्हा रेघ वाकडी दिसली की किती पिळला ते लगेच कळेल.

बसवणं

आतलं ॲक्सल सील पहिलं. जुनं सील आकड्याने ओढून काढा. काढण्याआधी ते किती खोल बसलं आहे ते मोजा. बसायच्या जागी आकड्याचा ओरखडा पडला असेल तर पॉलिश पेपरने मऊ करा. नव्या सीलची स्प्रिंग असलेली बाजू डिफरन्शियलकडे, कारण अडवायचं तेल तिकडे आहे. बाहेरच्या कडेच्या मापाची गोटी किंवा नळीचा तुकडा ठेवून सरळ ठोका. तिरकं गेलं तर पुन्हा नवं आणा. ओठाला ग्रीस चोळा, कोरडं सील पहिल्या किलोमीटरलाच जळतं.

नकल घालण्याआधी नकलाचं सील, नमदा आणि पट्टी योग्य क्रमाने गोळ्यावर सरकवून ठेवा. नकल चढवल्यावर ती आठवली तर सगळं परत उतरवायचं. किंगपिन बेरिंगची जुनी कपं ठोकून काढा, नवी बसवा, ग्रीस भरा, नकल चढवा. शिम होते तेवढेच घाला आणि किंगपिनचे बोल्ट २० ते ३० न्यूटन-मीटर कसा.

आता स्प्रिंगचा काटा. सील अजून पट्टीने आवळलेलं नको, टायरॉड जोडलेला नको, शाफ्ट आत नको. टायरॉडच्या भोकात काटा अडकवून नकल काटकोनात ओढा. तो हलायला लागतो तेव्हा काट्यावर १ ते १.८ किलो यायला हवं. कमी आलं तर शिम काढा, जास्त आलं तर शिम वाढवा. शिम किंगपिनच्या पट्ट्याखाली असतो, म्हणून शिम कमी म्हणजे पिन आत जास्त आणि बेरिंग जास्त दाबलेलं. वर-खाली सारखेच कमी-जास्त करा, नाहीतर नकल गोळ्याच्या मधोमध राहत नाही आणि सील एका बाजूने झिजतं. ही पाच मिनिटं टाळल्यामुळे नव्या बेरिंगांवरही स्टिअरिंग थडथडतं, किंवा वळवल्यावर चाक सरळ यायला कुरकुरतं. माप जुळलं की पट्टी आवळून सील जागेवर बसवा.

जॉइंटमध्ये मॉलिब्डेनम ग्रीस वाटीच्या तोंडातून बोटाने दाबत, जॉइंट वाकवत, छर्ऱ्यांच्या मधून बाहेर येईपर्यंत भरा. गोळ्यातल्या पोकळीत निम्म्याहून थोडं जास्त ग्रीस घाला, काठोकाठ नको. तापल्यावर ग्रीस फुगतं आणि जागा नसली की सीलच्या ओठातून वाट काढतं. चाकाच्या बेरिंगचं ग्रीस यात मिसळू नका.

शाफ्ट आत घालणं हीच सगळ्या कामातली नाजूक जागा. शाफ्टचे दात सीलच्या ओठावरून जातात आणि शाफ्टचं वजन सीलवर टेकलं की ओठ फाटतो. जॉइंट एका हाताने उचलून धरा आणि शाफ्ट नळीच्या मधोमध तरंगत ठेवा. लांब, म्हणजे डाव्या बाजूला दुसरा माणूस घ्या. दात डिफरन्शियलला टेकले की ढकलू नका. शाफ्ट जरा जरा फिरवा, दात सापडले की तो आपसूक सरकतो. 'खट्' असा आवाज आणि मग अंगठ्याएवढी सरक, असं काहीसं जाणवतं.

मग बुशला ग्रीस लावून स्पिंडल, पेंटची खूण वर. बोल्ट आडवे-तिडवे कसत आणा. हबमध्ये नवं सील, बेरिंग तळहातावर ग्रीस घेऊन दाबून भरलेली. हब चढवा, आतला नट कसत चाक दोन्ही दिशांना फिरवा म्हणजे रोलर जागेवर बसतील. मग नट पूर्ण सैल करून पुन्हा हलकाच, सुमारे १० ते १५ न्यूटन-मीटर. वॉशर, मग बाहेरचा नट पक्का कसा आणि लगेच पुन्हा तपासा, कारण बाहेरचा नट कसताना आतला किंचित पुढे ढकलला जातो. हब हाताने सहज फिरावा, वर-खाली धरून हलवला तर खडखडू नये. तेव्हाच वॉशरचा कान वाकवा.

फ्री-व्हील हब लावा. सर्क्लिप बसवताना शाफ्ट मागे सरकतो. टोकाला मधोमध आटे असतील तर त्यात बोल्ट लावून ओढून धरा. सर्क्लिप खाचेत पूर्ण बसलं का ते स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून बघा. अर्धवट बसलेलं सर्क्लिप कधी ना कधी सुटतं आणि त्या चाकाची फोर-व्हील जाते. कॅलिपर, डिस्कवरचं ग्रीस पेट्रोलच्या चिंधीने पुसून, टायरॉड आणि नवी कॉटर पिन. चाक चढवून रिमचे नट ५० ते ८० न्यूटन-मीटर.

तेल गाडी सपाट जागी, चारी चाकं जमिनीवर असताना भरा. भोकाच्या खालच्या काठाशी आलं की पुरे.

रस्त्यावर

गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पॅडल चार-पाच वेळा दाबा, पिस्टन मागे गेलेले असतात आणि पहिलं पॅडल तळाला जातं. मग मोकळ्या मातीवर हब लॉक करून दोन्ही बाजूंना पूर्ण वळून बघा. ४०-५० किलोमीटर चालवल्यावर हबला हात लावा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर बेरिंग जास्त आवळलं आहे. ५०० किलोमीटरनंतर किंगपिनचे बोल्ट, रिमचे नट आणि हबची खडखड परत तपासा. किंगपिनचे बोल्ट सैल होणं हा या गाडीचा जुना रोग आहे.

नकलावर स्टिअरिंग अडवणारे स्टॉप बोल्ट असतात. टायर घासू नये म्हणून ते कुणीतरी कमी-जास्त केलेले असतात. ते फार आत गेले असतील तर चाक गरजेपेक्षा जास्त वळतं आणि जॉइंट रोज काठावर येतो. दोन्ही बाजूंना चाक पूर्ण वळवून बोल्ट खरोखर टेकतो का बघा. 'लिफ्ट किट लावलं म्हणून शाफ्ट तुटतो' असं ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. सरळसोट ॲक्सलमध्ये जॉइंटचा कोन फक्त स्टिअरिंगवर ठरतो, गाडी किती उंच आहे त्यावर नाही. तोडतात ते मोठे टायर, लो गिअर आणि पूर्ण वळलेलं चाक. त्यातही चाक दगडात अडकलेलं असताना रिव्हर्स घेऊन एकदम रेस केलं की जॉइंट फुटायला क्षण पुरतो. चिखलात अडकलात तर चाकं सरळ करा, मग जोर लावा.

काढलेला शाफ्ट पिळलेला किंवा भेगाळलेला नसेल तर ग्रीस माखून, जुन्या सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळून मागच्या सीटखाली ठेवा. डाव्या-उजव्या शाफ्टची लांबी वेगळी असल्यामुळे त्यावर बाजू लिहा. सोबत दोन सर्क्लिप, एक कानवाला वॉशर आणि ती मोठी गोटी ठेवायला विसरू नका.